आवाजाला दार हवं

आमच्या मोहल्ल्यात गेला महिनाभर एकच विषय आहे. कॉलेजात जाणाऱ्या चार पोरांनी बँड काढला आहे. हेवी मेटल वाजवतात. सरावासाठी त्यांनी एका गॅरेजच्या वरची खोली भाड्याने घेतली आहे, आणि ती त्यांच्याकडून काढून घ्यावी असं जमातीतल्या काही बुजुर्गांनी घरमालकाला सांगितलं आहे. चौघांतला ड्रम वाजवणारा माझा भाचा आहे, तेव्हा मी कोणाच्या बाजूने आहे हे लपवत नाही. पण हा लेख भाच्यापुरता नाही. आपल्या मुलांनी त्यांची संध्याकाळ कुठे घालवायची, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात येणार आहे. खोली काढून घेतली की तो सुटतो असं मला वाटत नाही.

विरोध करणाऱ्यांपैकी चारपाच जणांशी मी बसून बोललो. ती माणसं वाईट नाहीत. त्यांनी मोहल्ल्यातल्या कित्येक पोरांच्या फिया भरल्या आहेत. त्यांचे आक्षेप चार आहेत. हे संगीत नाही, गोंगाट आहे. हे सैतानाचं संगीत आहे. जिथे हे वाजतं तिथे दारू असते. आणि तिथे मुलीही जातात.

यांतल्या एकानेही तो गोंगाट समोर बसून ऐकलेला नव्हता. मीही मोबाईलवर ऐकलेलं तेवढंच. म्हणून एका शनिवारी भाच्याला म्हटलं, मला घेऊन चल. पुण्यातली जागा, पहिल्या मजल्यावर, फार तर दोनशे माणसं मावतील एवढी. जिना चढताना भाच्याने माझ्या हातात फोमचे दोन छोटे बोळे ठेवले. म्हणाला, "मामू, ये कान में डाल लेव. डरू नको, बस थोडा जोर से है." दारावर तिकीट पाहून मनगटावर शिक्का मारला. आत जाड पडदे, भिंतींना फोम, आणि दार लागलं की बाहेरची रहदारी बंद. तीन बँड वाजणार होते.

पहिल्या गाण्याला जे झालं ते सांगतो. आवाज कानाआधी छातीवर आला. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय दोन पॅडलवर शिवणयंत्रासारखे चाललेले. गिटारचा आवाज मुद्दाम फोडलेला, म्हणजे ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल द्यायचा, तो फाटतो, आणि त्या फाटण्यातूनच सूर काढायचा. गाणारा मुलगा घशातून असा गुरगुरत होता की त्याच्या घशाची मला काळजी वाटली. नंतर भाच्याने समजावलं की ते ओरडणं नसतं. स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला ज्या घड्या असतात त्या कंपवून तो आवाज काढतात, शिकावं लागतं, चुकलं तर आठ दिवस आवाज बसतो.

समोर पोरं गोल धरून एकमेकांवर आदळत होती. पाहायला मारामारीच वाटते. पण दहा मिनिटं पाहत राहिलो तर तिच्यातला कायदा दिसायला लागला. कोणी पडला की शेजारचे चारजण लगेच थांबतात, त्याला उचलतात, मगच पुढचं. एकाचा चष्मा पडला, तर ज्याला सापडला तो चष्मा हात उंच करून धरून उभा, मालक येईपर्यंत. दोन गाण्यांच्या मधे तो गुरगुरणारा मुलगा अगदी साध्या मराठीत म्हणाला, "पाणी प्या रे सगळ्यांनी, आणि मागच्यांना पुढे येऊ द्या." दहाच्या आत सगळं संपलं. जी पोरं स्टेजवर होती तीच आपापले ॲम्प्लिफायर उचलून जिना उतरत होती, कारण हमाल लावायला पैसे नव्हते.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला, गोंगाट. तो मोठा होता यात शंका नाही, आणि कानाला धोका असतो हेही खरं. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, असा हिशेब मानतात. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केलं, त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, कानात घालायला प्लग आणि अधूनमधून विसाव्याला शांत जागा या गोष्टी आहेत. त्या शनिवारी प्लग भाच्याने आणले होते, जागेने दिले नव्हते. ते जागेने द्यायला हवेत, ही माझी तक्रार आहेच.

पण आवाजाबद्दल बोलायचंच असेल तर सगळ्याच आवाजांबद्दल बोलू. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत, उरुसाच्या संदलमध्ये, ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये ट्रकवर डीजेच्या भिंती लागतात. घरातली भांडी हलतात. आजारी माणसं, लहान मुलं, परीक्षेला बसलेली पोरं, कोणालाही विचारलेलं नसतं. शेजारच्या वस्तीत गणपतीला, जयंतीला हेच. २०२२ साली या राज्यात भोंग्यांवरून काय झालं ते आपण सगळ्यांनी सोसलं आहे, आणि तेव्हा आपण म्हणत होतो की कायदा सगळ्यांना सारखा लावा. तो कायदा काय म्हणतो? २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. अपवाद आहे तो बंदिस्त सभागृहाचा, आतल्या आत ऐकण्यासाठी. कायद्याला हिंदू आवाज आणि मुसलमान आवाज असा फरक माहीत नाही. त्याला एवढंच पाहायचं असतं की आवाज किती आहे आणि तो भिंतीबाहेर जातो का.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. त्या हॉलमध्ये जे दोनशेजण होते ते तिकीट काढून, जिना चढून, कानात बोळे घालून स्वतः आत गेले होते. ज्याला नको त्याच्यासाठी दार होतं. डीजेच्या ट्रकला दार नसतं. तो तुमच्या घरात घुसतो आणि तुम्ही त्याला बाहेर काढू शकत नाही. तरी संदलच्या डीजेसाठी वर्गणी गोळा होते, आणि आतल्या खोलीत वाजवणाऱ्या चार पोरांची खोली काढून घेतली जाते. त्यांच्या खोलीचा आवाज शेजाऱ्यांना त्रास देत असेल तर त्यांना भिंतीला गाद्या लावायला सांगा, वेळ ठरवून द्या. तो शेजारधर्माचा हक्क आहे आणि पोरांनी तो मानलाच पाहिजे. पण मग तीच मोजपट्टी ट्रकलाही लावा.

दुसरा आक्षेप, सैतानाचा. या संगीताचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत झाला. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल केल्या म्हणजे दाबायला कमी जोर लागेल, आणि त्या उतरलेल्या तारांतून जो जड, खोल आवाज निघाला त्याचा या संगीताच्या घडणीत मोठा वाटा आहे. १९६८ साली सुरू झालेल्या त्याच्या बँडचं नाव पुढे ब्लॅक सबाथ झालं. नाव भयपटाचं, कपडे काळे. पण मुळात तो मजुराच्या तुटक्या बोटांतून आलेला आवाज आहे. आमच्या चौघांतला एकजण दिवसा वेल्डिंगच्या दुकानात बसतो. त्याला हे संगीत का जवळचं वाटतं हे मला कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

त्या बँडच्या पहिल्या गाण्यात एक स्वरांची जोडी आहे, तिला युरोपात सैतानाचा स्वर असं टोपणनाव आहे. ती जोडी म्हणजे आपला षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनमध्ये हा मध्यम आहे, पूरिया आणि मारव्यातही आहे. दिवेलागणीच्या वेळी आपण तो निवांत ऐकतो आणि कोणाला त्यात सैतान दिसत नाही. स्वर निर्दोष असतात. त्यांच्याकडून काय बोलून घ्यायचं हे वाजवणारा ठरवतो.

हेही मान्य करू की काही बँड मुद्दाम सैतानाचं सोंग घेतात, काहींचे शब्द आपल्या ईमानाला पटणारे नाहीत. मग शब्द तपासा. इंडोनेशियात गारुत नावाच्या गावी मदरशात शिकणाऱ्या तीन मुलींनी २०१४ साली बँड काढला, व्हॉइस ऑफ बासेप्रोत. तिथल्या सुंदानी भाषेत बासेप्रोत म्हणजे गलबला करणारा. तिघी हिजाब घालूनच मेटल वाजवतात. २०२२ साली जर्मनीतल्या वाकेनच्या मेळ्यात वाजवलं, २०२४ साली इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीत. त्यांच्या एका गाण्यात त्या संगीत वाजवू देण्याची विनवणी थेट अल्लाहलाच करतात. त्यांनाही गावात विरोध झाला, पण त्यांना हे संगीत दाखवणारा माणूस त्यांच्या शाळेतलाच शिक्षक होता. मला इथे तो शिक्षक जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या हातात गिटार आली तेव्हा जाणता माणूस त्यांच्या शेजारी उभा होता.

याच्या उलट मोरोक्कोत झालं. २००३ साली कासाब्लांकात चौदा तरुणांना सैतानपूजेच्या आरोपावरून शिक्षा झाल्या, आणि कोर्टात मांडलेल्या पुराव्यांत त्यांचे काळे टी-शर्टही होते. अपिलात बहुतेकजण निर्दोष सुटले. आपण मुसलमानांनी तरी कपड्यांवरून माणसाच्या मनातलं ओळखण्याच्या धंद्यात पडू नये. तो आपल्यावर रोज वापरला जातो.

राहिला संगीत हलाल की हराम हा मूळ वाद. तो मी चार ओळींत मिटवणार नाही. उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत आणि वाद्य अजिबात नको म्हणणाऱ्यांचं मत जुनं आणि वजनदार आहे. ज्याला ते पटतं त्याने ऐकू नये, त्याचा मला आदर आहे. पण आपल्याच परंपरेत दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. निजामुद्दीन औलियांना समाच्या प्रश्नावरून तुघलकाच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. इमाम गझालींनी समावर सविस्तर लिहिलं, आणि सूफींमध्ये चालत आलेली एक अट त्यात सांगितली. तीन गोष्टी पाहा: जमान, मकान, इख्वान. वेळ कोणती, जागा कोणती, सोबत कोणाची. मला वाटतं आमच्या मोहल्ल्यातल्या वादाला हीच फुटपट्टी लावली तर बरीच धूळ खाली बसेल. नमाजची वेळ चुकते का? जागा कशी आहे? संगत कोणती आहे?

आमचं मूळ गाव मिरज. तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारातच दरवर्षी गाण्याची मैफल होते. त्याच मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार आणि तानपुरे घडवायला लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांच्या हाताने लोखंडाची पाती झाली त्यांच्याच हाताने तारा जुळवल्या, आणि त्यामुळे त्यांचा दीन गेला असं मिरजेत कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. कोकणात रिफाई फकिरांचा रातीब ज्यांनी पाहिला आहे, डफ टिपेला गेल्यावर काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जड ठेक्याचं नवल वाटू नये.

तिसरा आक्षेप दारूचा. हा मला सगळ्यात खरा वाटतो. त्या शनिवारी हॉलच्या मागच्या बाजूला बार होता. बहुतेक अशा जागांचं अर्थकारण असंच आहे. दोनशे तिकिटांत तीन बँड, आवाजाची यंत्रणा, भाडं आणि वीजबिल निघत नाही, पेल्यावर निघतं. म्हणजे आमच्या पोराला त्याचं संगीत ऐकायचं असेल तर बारच्या वाटेनेच जावं लागतं. भाचा पीत नाही, यावर माझा विश्वास आहे. पण तो रस्ता त्याने रोज तुडवावा असं मलाही वाटत नाही.

मात्र दारूशिवाय हे संगीत होत नाही, हे खोटं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये १९८०च्या सुमारास अल्पवयीन पोरांना क्लबात घेत नव्हते, कारण तिथे दारू असे. पोरांनी तोड काढली. हाताच्या मागे मोठी काळी फुली काढायची, म्हणजे बारवाल्याने यांना दारू द्यायची नाही. ती फुली पुढे पोरांनी अभिमानाने मिरवली. मायनर थ्रेट या बँडच्या १९८१च्या एका गाण्यावरून त्या चळवळीला स्ट्रेट एज नाव पडलं. दारू नाही, सिगारेट नाही, नशा नाही, आणि संगीत मात्र जितकं जोरात करता येईल तितकं. चर्चच्या तळघरात, वस्तीच्या सभागृहात, कमी तिकिटात, सर्व वयांसाठी असे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं झाले. ही पोरं मुसलमान नव्हती, पण आपल्या बुजुर्गांना जे हवं तेच ती करत होती.

चौथा आक्षेप मुलींचा. २०१२च्या डिसेंबरात श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींच्या प्रगाश नावाच्या बँडने एका स्पर्धेत वाजवलं आणि बक्षीस मिळवलं. प्रगाश म्हणजे प्रकाश. दोन महिन्यांत त्यांच्यावर इंटरनेटवरून घाणेरड्या धमक्यांचा पाऊस पडला, मोठ्या मुफ्तींनी त्यांचं वाजवणं गैरइस्लामी ठरवलं, आणि बँड बंद झाला. त्या मुलींना धमक्या देणाऱ्यांना कोणत्या दीनने तशी भाषा शिकवली होती, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी असेल तर जागा सुरक्षित करा, घरच्यांना आत बसता येईल अशी करा. तिला घरी बसवून सुरक्षित झाली ती फक्त धमकी देणाऱ्यांची जीभ.

आता माझं म्हणणं. आमच्या जमातीकडे शादीखाना आहे. चारशे माणसांचा हॉल, पार्किंग, वजूची सोय, बायकांसाठी वेगळा जिना. लग्नसराई सोडली तर आठवड्यातले चार दिवस त्याला कुलूप असतं आणि आत खुर्च्यांवर धूळ. महिन्यातला एक रविवार तो या पोरांना द्या. असरनंतर सुरू, मगरिबच्या अजानआधी बंद. दारू आणि सिगारेट दारातच नाही. कोणतं गाणं वाजणार त्याचे शब्द आधी समितीला दाखवायचे, आणि आक्षेप असेल तर तोंडावर सांगायचा. भिंतीबाहेर आवाज किती जातो ते मोजायचं. दारावर कानाचे प्लग. आई-बाप, बहिणी, ज्यांना यायचं त्यांना बसायला जागा. तिकीट पन्नास रुपये, त्यातून वीजबिल निघेल. मेटलच कशाला, कोणाला कव्वाली म्हणायची असेल, कोणाला रॅप, कोणाला गझल, तर त्यालाही हीच अट आणि हीच वेळ.

मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं. उघड्यावरचं नाट्यगृह. तिथे जॅझ यात्रा भरायची, १९८६पासून इंडिपेन्डन्स रॉक भरायचा, कॉलेजातली पोरं तिथे पहिल्यांदा मोठा आवाज ऐकायची. जवळ रुग्णालय आणि कॉलेज, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमात ते कार्यक्रम बंद झाले. नियम योग्यच होता. चूक एवढीच झाली की त्याच्या बदल्यात शहराने पोरांना तसं दुसरं छप्पर दिलं नाही, आणि मग उरले ते बार. आमच्या मोहल्ल्यात आपण तेच करायला निघालो आहोत. गॅरेजवरची खोली गेली तर ही चौघं वाजवणं सोडणार नाहीत. ती आपल्या नजरेपासून लांब जातील, एवढंच होईल.

येत्या जुम्म्याला जमातीची बैठक आहे. मी हा प्रस्ताव लेखी देणार आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी विरोध करावा, पण विरोधाआधी एकदा गॅरेजवरच्या खोलीत या. पोरं चहा पाजतात. कानाचे बोळे मी आणून ठेवले आहेत.